डोळ्यांचे विषाणू आणि पेप्टाइड लस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोळ्यातल्या हर्पिसचे रुग्ण, त्यांच्या घरचे लोक, बायोटेकचे विद्यार्थी आणि अधूनमधून एखादा पत्रकार यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तेच उत्तर दोनदा द्यायचं टाळलंय; जिथे संबंध येतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय. स्वतःच्या डोळ्याचा निर्णय मात्र हे वाचून घेऊ नका. त्यासाठी डोळा स्लिट लॅम्पखाली, म्हणजे नेत्रतज्ज्ञांच्या सूक्ष्मदर्शकाखाली, बघावाच लागतो.

१. पेप्टाइड लस म्हणजे नेमकं काय? नेहमीच्या लशीपेक्षा ती वेगळी कशी?

गोवराच्या लशीत दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो. इंजेक्शनच्या पोलिओ लशीत मारलेला विषाणू असतो, तर हिपॅटायटिस बीच्या लशीत विषाणूचं फक्त एक प्रथिन. पेप्टाइड लस याहून बारीक होते. प्रथिनातला जेवढा भाग प्रतिकारयंत्रणा ओळखते तेवढाच, साधारण ८ ते ३५ अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिनाच्या मण्यांचा, तुकडा त्यात असतो; तोच पेप्टाइड. तो विषाणूपासून काढत नाहीत. प्रयोगशाळेत एकेक अमिनो आम्ल जोडत तयार करतात. ब्रूस मेरीफिल्ड यांनी १९६३मध्ये ही जोडणी घन आधारावर करायची पद्धत दाखवली, त्याबद्दल त्यांना १९८४चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

अडचण अशी, की एवढासा तुकडा नुसता टोचला तर शरीर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणून त्याला मेदाम्लाची शेपटी लावतात, मोठ्या प्रथिनावर चढवतात किंवा सोबत ॲडज्युव्हंट देतात, म्हणजे प्रतिकारयंत्रणेला जागं करणारं द्रव्य.

२. डोळ्याच्या विषाणूसंसर्गावर अशी लस आज बाजारात आहे का?

नाही. भारतात नाही आणि बाहेरही नाही. कोणी विकत असेल तर ती फसवणूक आहे.

पण डोळे वाचवणाऱ्या विषाणूविरोधी लशी आपल्याकडे आहेत आणि त्यांच्याकडे आपण त्या नजरेनं बघत नाही. गोवर आणि जीवनसत्त्व अ ची कमतरता एकत्र आली की लहान मुलांचं बुबुळ विरघळतं. गरोदरपणात रुबेला झाला तर बाळाला जन्मजात मोतीबिंदू होतो, हे १९४१मध्ये ऑस्ट्रेलियातल्या नॉर्मन ग्रेग या नेत्रतज्ज्ञांच्या लक्षात आलं. २०१८च्या नोव्हेंबरपासून महाराष्ट्रातल्या शाळाशाळांत गोवर-रुबेलाची मोहीम झाली, ती डोळ्यांचीही मोहीम होती. नागिणीच्या लशीबद्दल प्रश्न ४ पाहा.

३. दर पावसाळ्यात डोळे येतात. त्यावर लस का काढत नाहीत?

२०२३च्या जुलैत आळंदीतून बातम्या सुरू झाल्या आणि बघता बघता राज्यभर डोळ्यांची साथ पसरली, तेव्हापासून हा प्रश्न थांबलेला नाही. डोळे येण्यामागे मुख्यतः ॲडेनोव्हायरस आणि एन्टेरोव्हायरस हे दोन गट असतात. ॲडेनोव्हायरसचे माणसाला बाधणारे प्रकार पन्नासाहून जास्त आहेत, त्यातले ८, ३७, ५३, ५४, ६४ हे प्रकार डोळ्याला विशेष त्रास देतात. एका प्रकाराविरुद्धची प्रतिपिंडं दुसऱ्याला नीट अडवत नाहीत. ॲडेनोव्हायरसची लस अस्तित्वात आहे, पण ती अमेरिकी सैन्यातल्या भरतीच्या जवानांना दिली जाणारी गोळी आहे आणि श्वसनमार्गाच्या ४ व ७ या प्रकारांसाठी आहे.

शिवाय बहुतेकांचे डोळे आठ-पंधरा दिवसांत आपोआप बरे होतात. अशा आजारावर लशीचा खर्च कोण करणार? हात धुणं, वेगळा टॉवेल आणि चार दिवस घरी राहणं हेच खरं. लाली तीव्र असेल, उजेड सहन होत नसेल किंवा अंधूक दिसत असेल, तर तो डोळे येण्यापलीकडचा मामला असू शकतो.

४. डोळ्यात नागीण उतरते म्हणतात, तोच हा हर्पिस का?

दोघे एकाच कुळातले, पण विषाणू वेगळे. नागीण हा कांजिण्यांचा विषाणू. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्यावर तो मज्जातंतूंत दडून राहतो आणि उतारवयात एका पट्ट्यात उठतो. कपाळाकडून डोळ्याकडे आला तर डोळा धोक्यात येतो. नाकाच्या शेंड्यावर पुळ्या दिसल्या तर शंका बळकट होते. या पानावर ज्याला नुसतं ‘हर्पिस’ म्हटलंय तो हर्पिस सिम्प्लेक्स प्रकार १, म्हणजे तापानंतर ओठावर फोड आणणारा.

नागिणीवर लस आहे. शिंग्रिक्स अमेरिकेत २०१७मध्ये मंजूर झाली, भारतात २०२३मध्ये आली. पन्नाशीपुढच्यांच्या मोठ्या चाचणीत तिनं सुमारे ९७ टक्के संरक्षण दिलं. किंमत मात्र सामान्य घराला जड आहे. ती पेप्टाइड लस नाही. विषाणूचं जीई हे जवळजवळ अख्खं प्रथिन आणि एक जबरदस्त ॲडज्युव्हंट असा तिचा घाट आहे. हर्पिस सिम्प्लेक्सवर तिचा उपयोग नाही. ‘शिंग्रिक्स घेतली, आता डोळ्यातला हर्पिस येणार नाही ना?’ याचं उत्तर : येऊ शकतो.

५. एकदा बरा झालेला डोळ्यातला हर्पिस पुन्हा पुन्हा का येतो?

कारण बरा होतो तो डोळा. विषाणू जातच नाही. पहिल्या संसर्गानंतर तो मज्जातंतूतून मागे सरकत कवटीच्या तळाशी असलेल्या ट्रायजेमिनल गँग्लिऑन नावाच्या गाठीत जाऊन बसतो आणि आयुष्यभर तिथेच राहतो. ताप, उन्हाचा तडाखा, शस्त्रक्रिया, कधी काहीही कारण नसताना तो परत बुबुळाकडे येतो. तेव्हा पारपटलावर, म्हणजे कॉर्नियावर, झाडाच्या फांद्यांसारखा व्रण उठतो. पिवळ्या फ्लुओरेसीन रंगात तो निळ्या प्रकाशाखाली हिरवा चमकतो. डॉक्टर कापसाचं बारीक टोक बुबुळाला लावून बघतात, कारण या आजारात तिथली संवेदना मंदावते.

जगातल्या पन्नाशीच्या आतल्या सुमारे ६४ टक्के लोकांच्या अंगात हा विषाणू आहे असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बहुतेकांना तो कधीच त्रास देत नाही. थोड्यांना मात्र इतका देतो, की दर झटक्याला डाग वाढत जाऊन डोळ्यात फूल पडतं. काहींना छळतो आणि बाकीच्यांना का नाही, या प्रश्नातूनच पेप्टाइड लशीची कल्पना निघाली (प्रश्न ७).

६. अख्खा विषाणू मारून लस करणं सोपं नाही का? तुकड्यांचा हा खटाटोप कशासाठी?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि माझ्या मते उत्तर समजून घ्यावं असा हाच.

फुप्फुसात किंवा आतड्यात दाह झाला आणि निवळला तर सहसा काही बिघडत नाही. कॉर्निया तसा नाही. अर्धा मिलिमीटर जाडीचा हा पडदा पारदर्शक आहे तो त्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि तंतू शिस्तीत रचलेले आहेत म्हणून. तिथे प्रतिकारपेशींची फौज उतरली, की मागून रक्तवाहिन्या घुसतात आणि तंतूंची रचना विस्कटते. विषाणू हरतो, पण नजर जाते. स्ट्रोमल केरटायटिस (कॉर्नियाच्या आतल्या थरातला दाह) या हर्पिसच्या सर्वांत वाईट रूपात नुकसान करणारी मुख्यतः आपलीच टी-पेशींची, म्हणजे एका जातीच्या प्रतिकारपेशींची, फळी असते. उंदरांवरच्या प्रयोगांत त्यात सीडी-४ (मदतनीस) टी-पेशी पुढे दिसतात.

म्हणजे जास्त प्रतिकारशक्ती म्हणजे जास्त संरक्षण, हे समीकरण डोळ्यात चालत नाही. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनायमध्ये होमायून घियासी यांच्या गटानं हर्पिसच्या जीके या प्रथिनाची लस उंदरांना दिली आणि नंतर डोळ्यात विषाणू सोडला. लस दिलेल्या उंदरांचे डोळे न दिलेल्यांपेक्षा जास्त बिघडले. १९९८मध्ये ‘सायन्स’मध्ये आणखी एक दावा आला : विषाणूच्या यूएल-६ प्रथिनाचा एक तुकडा कॉर्नियातल्या स्वतःच्याच घटकाशी मिळताजुळता असल्यानं टी-पेशी फसतात. पुढे इतरांना तो तसाच्या तसा पटला नाही आणि वाद राहिला. पण धडा दोन्हीकडून एकच निघतो. अख्खा विषाणू दिला की संरक्षण करणारे आणि आग लावणारे असे दोन्ही भाग सोबत जातात. तुकडे वापरले तर निवड करता येते. पेप्टाइड लशीचं डोळ्याच्या बाबतीतलं खरं आकर्षण हे आहे. स्वस्ताई, सुरक्षितता वगैरे गोष्टी नंतरच्या.

७. मग योग्य तुकडा कसा शोधतात? आता एआयनं हे काम एका दिवसात होत नाही का?

संगणक पहिली चाळणी लावतो. पेशीच्या पृष्ठभागावर एचएलए नावाचे रेणू असतात, त्यांच्या खोबणीत पेप्टाइड बसलं तरच टी-पेशीला दिसतं. कुठला तुकडा कुठल्या खोबणीत बसेल याचा अंदाज संगणक बऱ्यापैकी देतो. मारक टी-पेशींसाठी लागणारे तुकडे बहुधा ८ ते ११ अमिनो आम्लांचे, मदतनीस पेशींसाठीचे जरा लांब.

पण खोबणीत बसणं वेगळं आणि डोळा वाचवणं वेगळं. एक जुनं उदाहरण घ्या. हर्पिसचं जीबी प्रथिन ९०४ अमिनो आम्लांचं आहे. त्यातली ४९८ ते ५०५ ही आठ, म्हणजे सेरीन, सेरीन, आयसोल्यूसीन, ग्लुटामिक आम्ल, फेनिलॲलानीन, ॲलानीन, आर्जिनीन, ल्यूसीन. प्रयोगशाळेतल्या काळ्या उंदरांच्या ट्रायजेमिनल गाठीत ठाण मांडलेल्या मारक टी-पेशींपैकी जवळजवळ निम्म्या या एकाच आठ मण्यांच्या माळेवर नजर ठेवून असतात आणि त्या पहाऱ्यामुळे विषाणू दबून राहतो, असं पिट्सबर्गच्या रॉबर्ट हेंड्रिक्स यांच्या गटानं दाखवलं. हे संगणकानं नाही सांगितलं. गाठी काढून, पेशी मोजून कळलं.

माणसात तोच शोध कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या लबाशिर बेनमोहामेद आणि अँथनी नेसबर्न यांच्या गटानं वेगळ्या वाटेनं घेतला. अंगात विषाणू असून ज्यांना कधीच त्रास झाला नाही अशांचं रक्त एकीकडे आणि ज्यांना वारंवार झटके येतात त्यांचं दुसरीकडे ठेवून पाहिलं. दोघांच्या टी-पेशी विषाणूचे वेगवेगळे तुकडे ओळखत होत्या. मग लशीत घ्यायचे ते निरोगी राहिलेल्यांच्या पेशींनी निवडलेले तुकडे. कल्पना म्हणून मला ही फार आवडते : हा निवाडा लाखो निरोगी वाहकांच्या शरीरांनी आधीच करून ठेवलाय. पण त्या लोकांना त्रास न होण्याचं कारण तेच तुकडे, की तो निव्वळ परिणाम, हे लस देऊनच ठरेल.

८. उंदरांत यश मिळाल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. मग पुढे गाडी अडते कुठे?

पहिली अडचण उंदरातच आहे. उंदराला संसर्ग होतो, विषाणू गाठीत दडतो, पण माणसासारखा तो आपणहून परत उठत नाही. सशात उठतो, आणि अश्रूंतही सापडतो. म्हणून या क्षेत्रात सशाला मान आहे. पण सशाची खोबण माणसाची नाही, तेव्हा माणसाच्या पेप्टाइडची त्याच्यात परीक्षा होणार कशी? त्यावर उपाय म्हणून माणसाचं एचएलए जनुक घातलेले ससे तयार केले गेले. असे प्राणी महाग, मोजके, आणि तेही सहसा एकाच एचएलए प्रकाराचे. उंदराची बातमी वाचताना म्हणून एवढं बघा : लस संसर्गाआधी दिली की, माणसात बहुधा असतं तसं, विषाणू आधीच दडून बसल्यावर? वर्तमानपत्रात हे बहुधा गाळलेलं असतं.

९. माणसांवर हर्पिसच्या लशी कधी तपासल्या गेल्या का?

हो, पण जवळजवळ सगळ्या जननेंद्रियाच्या हर्पिससाठी. सर्वांत मोठी ८,३२३ स्त्रियांवरची चाचणी. तिचा निकाल २०१२मध्ये आला. विषाणूच्या जीडी प्रथिनाची ती लस हर्पिस सिम्प्लेक्सच्या प्रकार २ (जननेंद्रियाच्या हर्पिसचा नेहमीचा विषाणू) विरुद्ध फसली, मात्र प्रकार १ मुळे होणाऱ्या जननेंद्रियाच्या आजारात ५८ टक्के संरक्षण दिसलं. डोळा तिच्यात तपासला नव्हता.

पेप्टाइडच्या वाटेनं माणसापर्यंत पोहोचलेली एक म्हणजे हर्पव्ही : प्रत्येकी ३५ अमिनो आम्लांची ३२ पेप्टाइडं, उष्मा-प्रथिन (हीट शॉक प्रोटीन) या वाहक प्रथिनावर चढवलेली, सोबत चिलीतल्या एका झाडाच्या सालीतून मिळणारं क्यूएस-२१ हे ॲडज्युव्हंट. रुग्णांच्या अंगातून विषाणू बाहेर पडण्याचं प्रमाण थोडं घटलं, पण लस बाजारापर्यंत गेली नाही. हेच क्यूएस-२१ पुढे शिंग्रिक्सच्या ॲडज्युव्हंटमध्ये आहे. इतर आजारांतही पेप्टाइड लशींचा इतिहास फार उजळ नाही. कोलंबियाच्या मानुएल पाटारोयो यांची हिवतापावरची लस सुरुवातीला गाजली आणि आफ्रिका-थायलंडच्या चाचण्यांत टिकली नाही. रशियानं २०२०मध्ये मंजूर केलेल्या कोविडच्या पेप्टाइड लशीच्या परिणामाबद्दल स्वतंत्र संशोधकांनी शंका घेतल्या.

१०. परदेशात तयार झालेली पेप्टाइड लस भारतीयांना लागू पडेल का?

अख्ख्या प्रथिनाच्या लशीत हा प्रश्न फारसा येत नाही, इथे येतो. खोबणीचा आकार (प्रश्न ७) माणसागणिक बदलतो. युरोपीय वंशात ए*०२:०१ हा एचएलएचा प्रकार खूप आढळतो, म्हणून बहुतेक संशोधन त्यावर झालं. आपल्याकडे त्याच कुटुंबातला ए*०२:११, शिवाय ए*११:०१, ए*२४:०२, ए*३३:०३ असे प्रकार बरेच दिसतात. ०२:०१ आणि ०२:११ यांच्या खोबणी मिळत्याजुळत्या असल्यानं काही तुकडे दोन्हीत बसतात. ११:०१ किंवा ३३:०३ वाल्याला मात्र त्यांचा उपयोग होणार नाही. उपाय म्हणजे एकाच लशीत वेगवेगळ्या खोबणींचे बरेच तुकडे घालणं. पण तुकडे वाढवत गेलो की प्रश्न ६ मधली निवडीची सोय हळूहळू हातची जाते.

११. ही लस ड्रॉप्सच्या रूपात देता येईल का?

जनावरांवर तसे प्रयोग झालेत. पापणीच्या आतल्या आवरणाला स्वतःची प्रतिकारपेशींची व्यवस्था आहे. तिथे मेदाची शेपटी लावलेली पेप्टाइडं थेंबातून दिली तर अश्रूंत प्रतिपिंडं आणि आसपासच्या लसीका ग्रंथींत टी-पेशी तयार झालेल्या दिसल्या. अडचण साधी आहे : डोळा दर काही सेकंदांनी मिटतो आणि थेंब नाकात वाहून जातो. आणि ॲडज्युव्हंट म्हणजे मुद्दाम थोडा दाह. तो दंडात चालतो, डोळ्यात किती चालेल याला मर्यादा आहे.

१२. मला हर्पिस आधीच आहे. पुढे लस आली तरी माझा काय फायदा?

तुमच्यासारख्यांसाठीच्या लशीला उपचारात्मक लस म्हणतात आणि डोळ्याच्या क्षेत्रात जास्त प्रयत्न त्याच दिशेनं आहेत. विषाणू गाठीतून काढून टाकणं हा हेतू नाही, तिथला पहारा वाढवणं हा आहे. येलच्या अकिको इवासाकी यांनी २०१२मध्ये उंदरांत दाखवलं, की आधी लस देऊन टी-पेशी तयार करायच्या आणि मग हव्या त्या जागी केमोकाइन, म्हणजे प्रतिकारपेशींना बोलावणारं द्रव्य, देऊन त्यांना तिथे ओढून घ्यायचं. ती जागा योनीमार्ग होती. अर्व्हाइनच्या गटानं तीच युक्ती ट्रायजेमिनल गाठीसाठी वापरून पाहिली. पडलेला डाग मात्र कुठलीच लस पुसणार नाही.

तोपर्यंत हातात असलेला उपाय जुना आणि स्वस्त आहे. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात (१९९८) ॲसायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा वर्षभर घेणाऱ्यांपैकी १९ टक्क्यांना आजार उलटला, न घेणाऱ्यांपैकी ३२ टक्क्यांना. ही गोळी तुम्हाला हवी का, किती दिवस, मूत्रपिंडाचं काय, हे डॉक्टरांना विचारा. कितीतरी रुग्णांना हा पर्याय कोणी सांगितलेलाच नसतो.

१३. एक डॉक्टर म्हणाले स्टेरॉइडचे ड्रॉप्स अजिबात नकोत, दुसऱ्यांनी तेच लिहून दिले. खरं कोण?

दोघेही बरोबर असू शकतात. वरच्या थरात फांद्यांसारखा व्रण असताना नुसतं स्टेरॉइड घातलं तर व्रण फोफावतो. मेडिकलमधून ‘लाल डोळ्याचे ड्रॉप्स’ म्हणून आणलेल्या बाटलीनं असे डोळे गेलेत. पण आजार आतल्या थरात असेल तर तिथे दाहच शत्रू असतो (प्रश्न ६), आणि विषाणूविरोधी औषधाच्या आडोशानं मोजून दिलेलं स्टेरॉइड उपयोगी पडतं. घरात उरलेली बाटली दुसऱ्या झटक्याला वापरू नका, एवढंच.

१४. लशीमुळेच हर्पिस होईल का?

पेप्टाइडमधून नाही. त्यात विषाणूचं जनुक नसतं, त्यामुळे संसर्ग अशक्य. चुकीच्या तुकड्यामुळे दाह भडकण्याची भीती वेगळी, ती प्रश्न ६ मध्ये आली आहे.

१५. कोरड्या डोळ्यासाठी सायक्लोस्पोरीनचे ड्रॉप्स चालू आहेत. तेही पेप्टाइडच ना? मग ती लस झाली का?

पेप्टाइड आहे हे खरं, ११ अमिनो आम्लांचं कडं. पण काम उलटं : ते टी-पेशींना शांत करतं.

१६. माझं नेत्ररोपण झालंय. इतर लशी घेऊ की नको?

कोविडच्या लशींनंतर रोपण नाकारलं गेल्याच्या आणि नागिणीच्या लशीनंतर जुना दाह उठल्याच्या काही नोंदी आहेत. म्हणून लस टाळा असा त्याचा अर्थ नाही. डोळा शांत असताना घ्या, नेत्रतज्ज्ञांना आधी सांगा, ते काही दिवस ड्रॉप्स वाढवू शकतात. लशीनंतर लाली, वेदना किंवा अंधूकपणा आला तर त्याच दिवशी दाखवा.

१७. भाऊ अमेरिकेत असतो. तिथल्या हर्पिस लशीच्या चाचणीत नाव घालता येईल का?

आधी अटी वाचा. या चाचण्या प्रामुख्यानं जननेंद्रियाच्या हर्पिसच्या असतात आणि काहींच्या अटींत डोळ्यातला हर्पिस होऊन गेलेल्यांना स्पष्ट वगळलेलं असतं. कारण तेच, लशीनं डोळ्यातला दाह पेटला तर काय. म्हणजे ज्यांना लशीची सर्वांत जास्त आस, त्यांनाच दार बंद. याचा राग येणं मी समजू शकतो, पण अट चुकीची नाही. अमेरिकेतल्या चाचण्या क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या सरकारी नोंदवहीत दिसतात, भारतातल्या सीटीआरआय या आपल्याकडच्या नोंदवहीवर. तिथे नोंद सापडत नसेल किंवा डोससाठी पैसे मागत असतील, तर फोन ठेवा.